सर्व्हर त्यांचाच डाऊन

आजाऱ्याच्या खोलीत शिरावं तसा नंदूदादा बिघडलेल्या लॅपटॉपच्या खोलीत शिरायचा. बूट दाराशी काढायचा, स्वयंपाकघरात जाऊन हात धुवायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि लॅपटॉपकडे ढुंकूनही न बघता घरच्या माणसांना विचारायचा, "हं, काय म्हणतंय? कधीपासून?" मग आपणही नकळत तसंच सांगू लागायचो. "काल संध्याकाळपर्यंत चांगलं होतं रे. सकाळी उठून बघते तर हे असं." तो गंभीरपणे मान हलवायचा, चहात साखर किती ते सांगायचा आणि म्हणायचा, "बरं. आता सगळे जरा बाहेर बसा. मला शांतता लागते."

शांतता कशाला लागायची ते मला पुष्कळ उशिरा कळलं. मांडीवर फोन ठेवून तो त्यावर उपाय शोधत बसायचा. कुणाची चाहूल लागली की फोन उलटा.

आम्ही आयर्लंडमधल्या एनिसला राहायला आलो ते २०१४ च्या अखेरीस. नवऱ्याची नोकरी शॅननला, आणि मी त्याच्या मागून आलेली बायको. मला काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर मी, चार खोल्या आणि पाऊस. आल्या आठवड्यातच घरातलं इंटरनेट बंद पडलं. कुणाला सांगावं, तर ज्याला विचारलं त्याने एकच नाव सांगितलं, नंदू उकिडवे. आमच्याच वसाहतीत, चार घरं सोडून. पाऊस कोसळत असताना तो आला. काखेत एक कापडी पिशवी, तीत नाना आकारांचे पेचकस. ते त्याने कधी कुठे वापरल्याचं मी पाहिलेलं नाही, पण पिशवी टेबलावर ठेवली की घरच्यांना धीर यायचा. त्याने इंटरनेटच्या डब्याची वायर काढली, परत लावली. दिव्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि निकाल दिला, "आपलं काही नाही. सर्व्हर त्यांचाच डाऊन आहे. सकाळपर्यंत येईल."

सकाळी आलं की हो! आमच्या घरात नंदूदादाची ख्याती त्या दिवशी पक्की झाली. आता वाटतं, त्याची सगळी कीर्ती अशी आपोआप बऱ्या होणाऱ्या यंत्रांनीच उभी केली होती.

खरं सांगायचं तर नंदूदादाला कॉम्प्युटरमधलं फारसं काही कळत नव्हतं. शिक्षणाने तो मेकॅनिकलवाला. पुण्यात कॉलेजात आलेल्या सॉफ्टवेअर कंपनीने सरसकट सगळ्यांना उचललं, त्यात हाही उचलला गेला. शॅननच्या ज्या ऑफिसात तो होता तिथे विमानं भाड्याने द्यायचा धंदा चाले आणि त्यांच्या बिलांचा प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे तपासायचं काम याच्याकडे. दिवसभर एकेक बटण दाबायचं आणि काय होतं ते बघायचं. त्या कामात तो वाकबगार होता म्हणे. पण आपल्या लोकांना काय, आयटीतला म्हटला की त्याला सगळंच आलं पाहिजे. प्रिंटर, टीव्ही, फोन, कुणाच्या मुलाच्या शाळेचा टॅबलेट, सगळं नंदूदादाकडे. त्याची बायको मेधा माझी मैत्रीण झाली, ती सांगायची, "अगं, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, तेव्हापासून आत्या-माम्यांनी याच्यापुढे बिघडलेले मिक्सर आणून ठेवलेत. हा सगळ्यांना हो म्हणायचा. आणि मग सदाशिव पेठेतल्या दुकानातून गुपचूप दुरुस्त करून आणायचा, स्वतःच्या खिशातून."

"येत नाही म्हणायचं की सरळ," मी म्हटलं.

"ते त्याच्या तोंडातून येत नाही. लाज वाटते त्याला. तू कधी ऐकलंयस?"

मी ऐकलं नव्हतं.

एका गणपतीची गोष्ट सांगते. चर्चच्या मालकीचा हॉल भाड्याने घेऊन आम्ही आरती करायचो. मुलांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून आरतीचे शब्द इंग्रजी अक्षरांत पडद्यावर दाखवायचं ठरलं. अर्थातच काम नंदूदादाकडे. निरांजनं पेटली, झांजा हातात आल्या, मुखवट्यासारखे चेहरे करून मुलं रांगेत उभी राहिली आणि पडदा निळाच्या निळा. नंदूदादा टेबलाखाली. वायरींच्या गुंत्यातून नुसते त्याचे पाय दिसत होते. कुणी म्हणालं राहू दे, कुणी म्हणालं फोनवर बघू. तेवढ्यात टेबलाखालून खणखणीत आवाजात आरती सुरू झाली. काय आवाज होता त्या माणसाचा! रांगत बाहेर आला तो म्हणतच, एकामागून एक सगळ्या आरत्या, एक शब्द न अडखळता. शेवटच्या मंत्रांपर्यंत पोचलो तेव्हा पडद्याची कुणाला आठवणही राहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, याने एवढंच करावं, बाकी सगळं सोडून द्यावं. पण प्रसादाच्या रांगेत हा प्रत्येकाला सांगत होता, "प्रोजेक्टरच खराब आहे त्यांचा." पुढच्या आठवड्यात मी त्याच हॉलवरून गेले तर त्याच पडद्यावर बिंगोचे आकडे लखलखीत दिसत होते.

त्याला बरोबर ओळखलं ते माझ्या सासऱ्यांनी. आप्पा कराडहून उन्हाळ्यापुरते आले होते. त्यांना टीव्हीवर मराठी बातम्या हव्या होत्या. नंदूदादा शनिवारी दुपारभर रिमोटशी खेळत बसला आणि शेवटी म्हणाला, "आप्पा, त्यांच्याकडूनच सिग्नल येत नाहीये."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "नंदोबा, तुमी मानूस लई ग्वाड. पर हे जमत न्हाई असं एकदा म्हना की. म्हनून तर बगा. जीब काय झडत न्हाई."

नंदूदादा हसला. अगदी कानापर्यंत लाल झाला, पण म्हणाला काय, तर "उद्या परत बघतो, आप्पा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच परत आला, येताना आप्पांसाठी मेधाच्या हातचे गूळपोहे घेऊन. बातम्या काही दिसल्या नाहीत. दोघं मिळून पोहे खात कराडच्या उसावर बोलत बसले.

असा होता तो. शॅननच्या विमानतळावर कुणालाही सोडायला जाणार, कुणाचंही कपाट वरच्या मजल्यावर चढवणार, नवीन आलेल्याला गाडी शिकवणार. नाही हा शब्दच नव्हता त्याच्याकडे. त्यात चांगुलपणा किती आणि बढाई किती हे मला आजही वेगळं करून सांगता येणार नाही. मला तो आवडायचा आणि मला त्याचा राग यायचा.

आता नोरीनचं सांगायला हवं, कारण तिच्याविना नंदूदादा पुरा होत नाही.

नोरीन वसाहतीच्या तोंडाशी राहायची. सत्तरी ओलांडलेली, उंच, पोस्टातून निवृत्त झालेली आणि एकटी. नवऱ्याची जुनी टोपी घालून बागेत काम करायची. आमच्यापैकी कुणी नवीन आलं की ब्राऊन ब्रेड घेऊन पहिली हीच दारात. नंदूदादावर तिचा फार जीव. "गुड मॅन, नँडू," म्हणायची, आणि तो तिच्या छतावरच्या पन्हळी साफ करायचा, तिला गाडीतून डॉक्टरकडे न्यायचा. तिची धाकटी बहीण जोगीण होती, चर्चच्या शाळेत शिकवायला म्हणून तरुणपणीच केनियाला गेलेली. सिस्टर बर्नडेट. नोरीन तिला बर्नी म्हणायची. दोघींचं एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. बर्नी दर आठवड्याला ईमेल लिहायची. नोरीनच्या दिवाणखान्यात एक जुना डेस्कटॉप होता, लेसच्या रुमालाखाली झाकलेला, आणि त्यावर ईमेलचा एक जुना प्रोग्रॅम. ईमेलच्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा फार कमी मिळे, म्हणून नवऱ्याकडच्या कुणा भाच्याने फार पूर्वी अशी व्यवस्था करून दिली होती की मेल आले की या डेस्कटॉपवर उतरायचे आणि सर्व्हरवरून पुसले जायचे. कित्येक वर्षांचे मेल त्या एका डब्यात होते.

आम्ही एनिस सोडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात बर्नी तिकडेच वारली. नोरीनला जाता आलं नाही. तेव्हापासून रविवारी चर्चमधून आली की ती चहा घेऊन डेस्कटॉपसमोर बसायची आणि बर्नीचा एखादा जुना मेल काढून वाचायची. एकच. पुरवून पुरवून.

आणि मग एका रविवारी तो प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडला जाईना. पडद्याच्या मधोमध एक चौकोन यायचा, पासवर्ड विचारायचा. पासवर्ड दिला की जोडणी होत नाही म्हणायचा आणि पुन्हा तोच चौकोन. तिला नवीन मेलशी काही देणंघेणं नव्हतं. नवीन लिहिणारं होतं कोण? जुने मेल सगळे जागच्या जागी होते. पण तो चौकोन नेमका बर्नीच्या अक्षरांवर येऊन बसायचा. एवढा चौकोन तेवढा घालवून दे, म्हणून तिने नंदूदादाला बोलावलं.

तिथे काय झालं ते मी मेधाकडून ऐकलं आणि मेधाने ते त्याच्याकडून, तुकड्यातुकड्यांनी. तो गेला, हात धुतले, विचारलं कधीपासून. मग म्हणाला, बाहेर बसा. पण घर नोरीनचं, ती कशाला बाहेर बसते? ती चहाचा कप घेऊन त्याच्या खुर्चीमागेच उभी राहिली. त्यामुळे मांडीवर फोन ठेवायची सोय राहिली नाही. तिच्यासमोर फोनवर शोधायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे दाखवायचं. त्याने पासवर्ड पुन्हा टाकला. वायर काढून लावली. डेस्कटॉप बंद करून चालू केला. मग जे आपल्याकडचा प्रत्येक आयटीवाला शेवटी करतो तेच केलं, अकाउंट काढायचं आणि परत टाकायचं. आजकाल सगळ्यांचे मेल सर्व्हरवरच असतात, अकाउंट परत टाकलं की परत येतात, असा त्याचा हिशेब. काढताना प्रोग्रॅमने विचारलं, या अकाउंटचे सगळे मेलही जातील, चालेल का? आता ऑफिसात असे प्रश्न याला दिवसभर येत आणि दिवसभर हा हो दाबत असे. शिवाय मागे नोरीन. थांबून वाचत बसलो तर तिला वाटेल की याला शंका आहे. त्याने हो दाबलं.

अकाउंट परत टाकलं. तरी जोडणी झाली नाही. डावीकडचा कप्पा रिकामा.

"ते कुठे गेले?" नोरीनने विचारलं.

आणि नंदूदादा म्हणाला, "सर्व्हर त्यांचाच डाऊन आहे. येतील."

ते येणार नाहीत हे त्याला तेव्हाच, त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं होतं. मेधाला त्याने हे कबूल केलं. डेस्कटॉप उचलून तो घरी घेऊन आला, जरा सर्व्हिसिंग करतो म्हणून. पुसलेलं परत मिळवायचे जे जे प्रोग्रॅम मिळाले ते सगळे चालवून पाहिले. बागेचे अर्धे राखाडी झालेले फोटो निघाले, चर्चच्या सहलीचं वेळापत्रक निघालं, बर्नीचा एक शब्दही निघाला नाही. डब्लिनच्या एका दुकानात नेऊन आला, त्यांनीही हात टेकले. मूळ दुखणं काय होतं तेही त्याला सापडलं होतं. कंपनीने सुरक्षेसाठी जोडणीची पद्धत बदलली होती. एका ठिकाणचा आकडा बदलायचा आणि शेजारच्या चौकटीत खूण करायची. बस्स. चौकोन गेला असता आणि बर्नी राहिली असती.

डेस्कटॉप परत नेऊन दिला तेव्हा नोरीनला त्याने सांगितलं की कंपनीच्या सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि त्यात तिचे मेल गेले. त्यांचीच चूक.

माणूस खोटं बोलतो ते अनेकदा वेळ मारून न्यायला. वेळ निघून जाते आणि पुढचं निभतं. पण नोरीन पोस्टात आयुष्य काढलेली बाई. टपाल हरवलं तर कुणाला जाब विचारायचा असतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने कंपनीला फोन लावला.

त्या शनिवारी मी मेधाच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडत होते. नंदूदादा चहाचे कप काढायला प्रेसशी उभा होता. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो. नोरीन तणतणत आत आली. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती.

"नँडू, ऐकलंस का त्यांचं! फोनवर एक पोरगी होती, ओर्ला का कोण. मला म्हणते, मॅम, तुमचे मेल आमच्याकडे नव्हतेच, तुमच्याच मशीनवर होते, तुमच्याकडच्याच कुणीतरी अकाउंट काढलं असणार. मी म्हटलं, बाई, इथे नँडू होता. नँडू इंजिनियर आहे. तो माझ्या कुठल्याही वस्तूला धक्का लावणार नाही. तू त्याच्यावर आळ घेतेस?"

नंदूदादाची पाठ आमच्याकडे होती. प्रेसचं दार उघडं धरून तो तसाच उभा राहिला.

"शेवटी रडकुंडीला आली ती," नोरीन म्हणाली. "येऊ दे. मी तिची तक्रार करणार आहे. वरपर्यंत. तूच मला ती लिहून दे, नँडू. मला ते तांत्रिक शब्द येत नाहीत. तिचं नाव घालून लिही. अशी माणसं कामावर ठेवता कामा नयेत."

सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला. मेधा खाली गॅसकडे बघत होती, त्यावर कढई नसताना. मला त्या क्षणी अशी लाज वाटली की जमीन दुभंगेल तर बरं. त्याची लाज वाटली. मेधाची वाटली. आमच्या सगळ्यांवर विश्वास टाकून, टोपी हातात धरून उभ्या असलेल्या त्या म्हातारीकडे मला बघवेना.

नंदूदादा वळला. आता सांगेल, मला वाटलं. आता तरी.

"हो," तो म्हणाला. "लिहितो."

नोरीनने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "यू आर अ स्टार," म्हणाली आणि गेली.

दार लागलं आणि मेधा फुटली. "लिहिणारेस? त्या पोरीची नोकरी घालवणारेस तू आता? कुणाची लेक असेल ती! लाज वाटते का रे तुला?"

"तीच तर वाटते," तो म्हणाला. "दुसरं काही वाटतच नाहीये मला." आणि तिथेच, प्रेसच्या उघड्या दाराशी, फरशीवर बसला. गुडघ्यांत डोकं घालून. मी चकल्यांवर फडकं टाकलं आणि घरी आले.

पुढचे काही दिवस तो ऑफिसातून येऊन लॅपटॉपसमोर बसायचा आणि ती तक्रार लिहायचा, असं मेधा सांगायची. 'आपल्या कर्मचारी ओर्ला यांनी' इथपर्यंत यायचा आणि पुसायचा. नोरीन रस्त्यात भेटली की विचारायची, झालं का? तो म्हणायचा, चाललंय. वसाहतीच्या तोंडावरून जायचं टाळण्यासाठी तो मागच्या बाजूने वळसा घालून गाडी आणू लागला. तिच्या पन्हळी भरून वाहायला लागल्या. कुणाचा लॅपटॉप बिघडला की अंगात कणकण आहे म्हणून सांगायचा. त्याचा चेहरा पार उतरला. मला त्याची कीव येऊ लागली होती, आणि कीव आली की त्या ओर्लाची आठवण यायची आणि परत राग.

आमचं तेव्हा जायचं ठरलं होतं. माझ्या नवऱ्याला डब्लिनजवळ मेनूथच्या विद्यापीठात काम मिळालं, सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी नोरीनची ब्रेडची ताटली परत द्यायला निघाले तर मेधाने मला फाटकाशी गाठलं. तिच्या मागे नंदूदादा, दाढी वाढलेली. "याला घेऊन जा बरोबर," ती म्हणाली. "एकटा जातो आणि तिच्या फाटकावरून परत येतो. तीनदा झालंय. मी गेले तर तो माझ्या आड लपेल."

आम्ही दोघं चालत गेलो. नोरीनने दार उघडलं, त्याला बघून तिचा चेहरा फुलला. "लिहून आणलंस!"

"नोरीन," तो म्हणाला, "मी केलं. अकाउंट मी काढलं. मेल मी घालवले. सर्व्हरचं काही नव्हतं. ती मुलगी खरं बोलत होती."

नोरीन म्हणाली, "पण तू म्हणालास की..."

"खोटं बोललो. मला ते येत नव्हतं. तुला सांगायची लाज वाटली."

तिने आम्हाला आत या म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही. आत गेली. आम्ही तिच्या मागे. ती फोनपाशी बसली आणि तिने कंपनीचा नंबर फिरवला. तिकडे वाट बघायला लावणारं ते गाणं सुरू झालं. खोलीत आम्ही तिघं आणि ते ठुमकणारं गाणं. नंदूदादा गालिच्याच्या कडेला उभा, मी ताटली हातात धरून दाराशी. किती वेळ गेला कोण जाणे. नंदूदादा एकदा म्हणाला, "मी बोलतो त्यांच्याशी," तर तिने नुसता हात वर करून त्याला गप्प केलं. शेवटी कुणीतरी आलं, मग ओर्ला आली. "मी चुकले, बाळ," नोरीन म्हणाली. "मी तुला फार वाईट बोलले. तुझं बरोबर होतं. तुझ्या साहेबांना दे, त्यांनाही सांगते." तिने सांगितलं. नंदूचं नाव घेतलं नाही.

फोन ठेवून ती तशीच बसली. हात मांडीवर. मला वाटलं, आता ती त्याला जा म्हणेल. मी त्याच्या जागी असते तर तिने तसं म्हणावं म्हणून प्रार्थना केली असती.

"काढायच्या आधी," तिने विचारलं, "पडद्यावर तिचा एखादा उघडा होता का?"

"हो."

"वाचलास?"

नंदूदादाचे कान पेटले. दुसऱ्याचं पत्र वाचू नये एवढं त्यालाही शिकवलेलं होतं. "चौकोनाच्या बाजूने दिसत होता तेवढा. हो. वाचला."

"काय होतं त्यात?"

मी ताटली हळूच टेबलावर ठेवली आणि दाराकडे वळले. हे माझ्या ऐकण्यासाठी नव्हतं. पण तो बोलायला लागला आणि मला पाय उचलवेना. त्याच्या त्या पुणेरी इंग्रजीत, आठवून आठवून, तो सांगत होता. तू पाठवलेला केक पोचला. पेटीत त्याचा पार चुरा झाला होता, तर आम्ही सगळ्या जणींनी तो चमच्याने खाल्ला. कोंबड्या प्रार्थनेच्या वेळी आत येतात आणि फादरना चालतं. आणि नोरीन, तू आता शिडीवर चढायचं नाहीस, मी तिथे नसले तरी मला कळतं.

नोरीनने डोळे मिटले होते. "चमच्याने," ती म्हणाली.

"हो. चमच्याने."

मी बाहेर पडले. फाटकापाशी वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एनिस सोडलं, पुढे नंदूदादा आणि मेधा परत पुण्याला गेले, भेट अशी झालीच नाही. तेव्हा मी त्याला शेवटचं पाहिलं ते असं. दार उघडंच होतं. शाळेत उभं केलेल्या मुलासारखा तो गालिच्याच्या कडेला उभा होता, हात पुढे बांधून, मान खाली, आणि नोरीन खुर्चीत.

"परत सांग," तिचा आवाज आला. "पहिल्यापासून."

मान वर न करता त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.